शय्या विचारतो, वस्त्र का विचारत नाही?

प्रस्तुत लेखाचे शीर्षक वाचून आपल्यातील काही ज्येष्ठ वैद्यांच्या मुखावर स्मित उमटेल, याची मला कल्पना आहे. रात्री अंगावर काय घालून निजावे हा गृहिणींच्या मासिकाचा, फार तर शिंप्याच्या दुकानातला विषय. वैद्यकीय त्रैमासिकाची पाने त्यासाठी का खर्ची घालावीत, हा आक्षेप काही वर्षांपूर्वी मीही घेतला असता. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ आहेत, हे आपण रुग्णाला दिवसातून दहा वेळा ऐकवतो. निद्रेविषयी विचारताना झोप किती वाजता लागते, मध्ये जाग येते काय, स्वप्ने पडतात काय, दिवास्वाप आहे काय, हे सर्व विचारतो. गादी कापसाची की फोमची, हेही पाठदुखीच्या रुग्णाला विचारतो. परंतु त्या गादीवर सात-आठ तास जे वस्त्र त्वचेला चिकटून असते, त्याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात? मी करीत नव्हतो. त्याची शिक्षा एका रुग्णेने भोगली. तीच हकीकत प्रथम सांगतो.

साठी उलटलेल्या एक बाई कमरेच्या कंडूसाठी माझ्याकडे येत असत. कमरेभोवती काळपट पट्टा उमटलेला, त्वचा जाड झालेली, आणि उजव्या कुशीवर, जेथे परकराच्या नाडीची गाठ येते तेथे, लहानसा ओला व्रण. निदान करताना मी दोष पाहिले, दूष्य पाहिले, मलमूत्र विचारले, दही, वांगे व मासे बंद केले. पोटात मंजिष्ठादी काढा व आरोग्यवर्धिनी, बाहेरून करंजतेल. महिन्याभरात बरे वाटले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. असे तीनदा झाले. मी औषधे बदलीत राहिलो. चौथ्या खेपेस त्यांच्याबरोबर सून आली होती. ती सहज म्हणाली, "डॉक्टर, आई रात्रीसुद्धा नाडी सैल करत नाहीत. दिवसाचीच साडी, दिवसाचाच परकर, आणि झोपताना गाठ आणखी घट्ट. सुटली तर, म्हणतात."

चौदा-पंधरा तास उभ्याने काचणारी गाठ रात्रीही तेथेच, त्याच बिंदूवर, अंगाच्या भाराखाली दाबली जात होती. आणि मी त्या बाईंचे रक्त शुद्ध करीत बसलो होतो! निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते.

गाऊन घाला असे सांगताच बाईंनी साफ नकार दिला. सुनेच्या घरात, जावयासमोर गाऊन घालून वावरणे त्यांना लज्जास्पद वाटत होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. अखेर तोडगा सुनेनेच काढला. जुन्या सुती साडीचे दोन घेरदार परकर तिने शिवले. दोरीसारख्या नाडीऐवजी चार बोटे रुंद पट्टी लावली, आणि रात्रीच्या परकराची पट्टी कमरेऐवजी बेंबीच्या वर, सैल बांधायची असे ठरले. गाठ रोज वेगळ्या जागी. सहा आठवड्यांत व्रण भरला. औषध तेच होते.

पुढे २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या समूहातील 'केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात वर्धा व बिहार येथील वैद्यकतज्ज्ञांनी दोन स्त्रियांचे वृत्तान्त प्रसिद्ध केले. दोघीही सत्तरीच्या आसपासच्या. दोघींच्याही कमरेच्या बाजूस घट्ट बांधलेल्या वस्त्राच्या घर्षणाने झालेला आणि दीड-दोन वर्षे न भरलेला व्रण. तपासणीत तो कर्करोगात परिवर्तित झाल्याचे आढळले. त्यांपैकी एकीत तो जांघेतील लसीकाग्रंथीपर्यंत पोहोचला होता. जुनाट व्रणावर उद्भवणाऱ्या या अर्बुदास आधुनिक शास्त्रात मार्जोलिनचा व्रण म्हणतात. असे रुग्ण विरळा, हे मान्य. परकर नेसणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांना घाबरवण्याचा माझा हेतू नाही. पण वृत्तान्तातील एक रुग्णा आपल्याच विदर्भातील आहे, आणि तो वाचताना माझ्या डोळ्यांसमोर माझी रुग्णा उभी राहिली. कमरेवरील जो व्रण महिना-दीड महिन्यात भरत नाही तो तेल लावून सांभाळीत न बसता तुकडा-तपासणीसाठी शल्यविशारदाकडे पाठवावा, हे या निमित्ताने स्पष्टपणे लिहून ठेवतो.

आता ग्रंथांकडे वळू. निद्रा आणण्याचे उपाय चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितले आहेत. त्यांत अभ्यंग, स्नान, दूध व स्निग्ध आहार, मनाला रुचणारे गंध आणि शब्द, अंग चेपणे, नेत्रतर्पण, शिर व मुख यांवर लेप, नीट अंथरलेली शय्या, सुखकर घर आणि योग्य वेळ, असे सर्व येते. अंगावरील वस्त्राचा उल्लेख त्या यादीत नाही. बहुधा आपल्या दुर्लक्षाचे मूळ येथेच असावे. यादीत नाही, म्हणून प्रश्नावलीत नाही. परंतु त्याच सूत्रस्थानात ऋतुचर्या सांगताना हेमंतात ऊबदार प्रावरणे, वर्षाऋतूत हलके व शुद्ध वस्त्र, शरदात निर्मळ वस्त्र असे आचार्य आवर्जून सांगतात. भावमिश्रांनी तर वस्त्रांचे गुण औषधी द्रव्यांसारखे दिले आहेत. रेशमी, लोकरी व तांबडे वस्त्र वातकफहर, म्हणून थंडीत. काषाय वस्त्र शीत व पित्तघ्न, म्हणून उन्हाळ्यात, तेही हलके. पांढरे वस्त्र ना उष्ण ना शीत, म्हणून पावसाळ्यात. वस्त्रालाही गुण असतात आणि ते प्रकृती व काळ पाहून योजायचे असतात, ही दृष्टी आपल्या शास्त्रात होतीच.

निजण्याच्या वेगळ्या वस्त्राविषयीचा मला सापडलेला स्पष्ट निर्देश मात्र वैद्यकग्रंथातील नाही. तो महाभारतातील आहे. अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला दीर्घायुष्याचे आचार सांगतात, तेथे शयनाचे वस्त्र निराळे, रस्त्यावर जाण्याचे निराळे आणि देवपूजेचे निराळे असावे, असे म्हटले आहे. यांपैकी पूजेचे सोवळे आपण अजून खुंटीवर वेगळे ठेवतो, बाहेर जाण्याचे कपडे इस्त्री करून कपाटात ठेवतो. शयनाचे वस्त्र तेवढे आपल्या घरांतून नाहीसे झाले. पूर्वी निदान आपसूक काही घडत असे. आजीचे धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे आधी निजायला, मग बाळाच्या दुपट्याला आणि शेवटी गोधडीला जाई. आजोबा सदरा-कोट उतरवून पंचा व बंडीवर निजत. त्यांनी शास्त्र वाचले होते असे नव्हे. पण शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ व घाम शोषणारे रात्रवस्त्र आजही कोणत्या दुकानात मिळत नाही. (गंमत अशी की 'पायजमा' हा आपल्याकडील रोजचा पोशाख. इंग्रजांनी तो येथून नेला, निजण्याचा केला, आणि आज आपण तो 'नाईट सूट' म्हणून दामदुप्पट देऊन परत घेतो.)

आज घरोघरी काय आहे? गृहिणीचा गाऊन. सकाळी दूध घेण्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत तोच, आणि बहुतांशी त्यातच निद्रा. फोडणीचा वास, दिवसभराचा घाम, धुण्याचे शिंतोडे, सर्व काही अंगावर घेऊन ती माउली अंथरुणाला पाठ टेकते आणि आपल्याला सांगते, "झोप लागते पण ताजेतवाने वाटत नाही." तरुण मुले व्यायामशाळेतून आलेल्या तंग, चकचकीत पँटमध्येच रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल पाहात लोळतात. ज्येष्ठ पुरुष बंडी-लेंग्यात असतात, त्यांचे त्यातल्या त्यात बरे. पण त्यांचीही एक अडचण आहे, ती पुढे येईलच.

कापडाविषयी थोडे. धागा हवेतील ओलावा किती धरून ठेवतो याचे वस्त्रशास्त्रातील प्रमाण पाहिले, तर कापूस सुमारे साडेआठ टक्के, रेशीम अकरा, लोकर सोळा आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. निद्रेच्या आरंभी शरीराच्या अंतर्भागाचे तापमान उतरू लागते आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेवाटे बाहेर टाकली जाते, हे आता सर्वमान्य आहे. स्वित्झर्लंडमधील बासेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवले की हातपाय, विशेषतः पाय, ऊबदार असतील तर झोप लवकर लागते. पादाभ्यंगाचे महत्त्व सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात आश्चर्य वाटू नये. पण उष्णता बाहेर पडायची तर वस्त्राने तिला वाट द्यावी लागते. आपल्या कोकणात किंवा मुंबईत जूनच्या दमट रात्री पॉलिस्टरच्या आत साचलेला घाम ना शोषला जातो ना उडतो. त्या रुग्णाला आपण पित्तशामक काढे देत राहतो.

तथापि 'नैसर्गिक ते सर्व उत्तम, कृत्रिम ते सर्व त्याज्य' अशी सोपी घोषणा मी करणार नाही. कारखान्यात तयार होणारा रेयॉन कापसाहून अधिक ओलावा धरतो व उन्हाळ्यात सुखकर असतो. उलट 'सॅटिन' हे विणीचे नाव आहे, धाग्याचे नव्हे. बाजारातील रेशमासारखा दिसणारा सॅटिनचा गाऊन बहुधा निव्वळ पॉलिस्टर असतो. सिडनी येथे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० अंश तापमानाच्या खोलीत लोकरीचे पातळ रात्रवस्त्र घातलेल्या वयस्कर व्यक्तींना सुती वा पॉलिस्टर घातलेल्यांहून लवकर झोप लागल्याचे आढळले. अभ्यासाला लोकर उद्योगाचे अर्थसाहाय्य होते, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. शिवाय ती लोकर म्हणजे मऊ मेरिनो, आपली घोंगडी नव्हे. माझे मत विचाराल तर महाराष्ट्राच्या हवेत आठ-नऊ महिने मऊ, पातळ, सैल सुती वस्त्राला तोड नाही. कापड ओळखण्याची शंका असेल तर शिवणीतील एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो व राख होते, रेशीम-लोकरीला केस जळाल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

कापडापेक्षाही कमरबंद अधिक महत्त्वाचा, असे आता मला वाटते. सुश्रुताचार्यांनी व्रणबंधनाचे गाढ, सम व शिथिल असे तीन प्रकार सांगितले, आणि पित्ताने दूषित व्रणात गाढाच्या जागी सम, समाच्या जागी शिथिल आणि शिथिलाच्या जागी बंधनच नको, असा अत्यंत व्यवहार्य नियम दिला. हा नियम व्रणासाठी आहे, हे मी जाणतो. परंतु पित्तप्रधान रुग्णाला, शरद-ग्रीष्मात, रात्रीच्या इलॅस्टिकविषयी सल्ला देताना याहून चांगला मापदंड मला सापडलेला नाही. अम्लपित्ताच्या रुग्णाचेही तसेच. ग्लासगोच्या संशोधकांनी कमरेला पट्टा आवळून केलेल्या प्रयोगांत जठरावरील दाब वाढतो व आम्ल वर सरकते असे दाखवले आहे. रात्री नऊला जेवून साडेदहाला घट्ट नाडीच्या लेंग्यात आडवे होणाऱ्या गृहस्थास अविपत्तिकर चूर्ण देण्यापूर्वी नाडी सैल करावयास सांगणे स्वस्त पडेल. सूतिकेच्या उदराला आपण पट्टबंध सांगतो तो भाग निराळा; तेथे घट्टपणाच औषध आहे, आणि तेही नेमक्या काळापुरते.

ज्येष्ठांची अडचण वर सूचित केली, ती हीच. मूत्रवेग आवरत नाही म्हणून रात्री तीन-चार वेळा उठणारे वृद्ध आपल्याकडे येतात. त्यांची बोटे संधिवाताने आखडलेली, कुणाला कंपवात. अंधारात लेंग्याच्या नाडीची गाठ सुटत नाही, कपडे ओले होतात, आणि लाजेपोटी ते सांगत नाहीत. त्यांच्यासाठी नाडी नको, सैल इलॅस्टिकच हवे. एका रुग्णाला जे त्याज्य तेच दुसऱ्याला पथ्य. लुंगी वा पायघोळ गाऊन पायांत अडकून पडण्याचा धोकाही पाहावा. वस्त्र घोट्याच्या वर असावे. आणि पादाभ्यंग सांगणाऱ्यांनी तेलकट तळवा व गुळगुळीत फरशी यांचा मेळ आठवावा. तळवे पुसून सुती मोजे, तेही पकड असलेले, चढवल्याशिवाय वृद्धाला खाली पाय ठेवू देऊ नये. मांडीचे हाड मोडले, तर पादाभ्यंगाचे सर्व पुण्य वाया.

दद्रूविषयी मात्र मला तपशिलाने लिहिले पाहिजे, कारण तेथे आपल्या व्यवसायाची प्रतिष्ठा पणाला लागली आहे. गेल्या दशकभरात भारतात जुनाट, वारंवार उलटणाऱ्या दद्रूचे जे थैमान चालू आहे ते आपण सर्वच पाहतो. यातील प्रमुख बुरशीला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव मिळाले. नावातच आपल्या देशाची ओळख आहे, आणि ती काही अभिमानाची नव्हे. नेहमीच्या गोळ्यांना ती अनेकदा दाद देत नाही. रोग चिघळण्यामागे स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेल्या, चिठ्ठीशिवाय विकल्या गेलेल्या मलमांचा मोठा वाटा आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने स्टेरॉइडची अनेक मलमे 'शेड्यूल एच'मध्ये आणली. तरीही माझ्याकडे येणाऱ्या दर तीन-चार दद्रू रुग्णांपैकी एकाच्या खिशात तशी अर्धी दाबलेली ट्यूब असते. दुकानदार बंधूंनी रागावू नये, पण ती ट्यूब झाडावर लागत नाही.

आमचा वैद्यांचा दोषही कमी नाही. टाकळ्याला आपण दद्रुघ्न म्हणतो, चक्रमर्दाचा लेप देतो, गंधक रसायन देतो, विरेचन देतो. आणि रुग्ण त्याच रात्री, भावाने काल घातलेली, न धुतलेली, जांघेत आवळलेली अर्धी पँट घालून झोपतो. कुष्ठनिदानाच्या अध्यायात सुश्रुताचार्यांनी एका शय्येवर निजणे, एकमेकांचे वस्त्र, माळा, लेप वापरणे यांतून कुष्ठादी रोग एकाकडून दुसऱ्याकडे संक्रांत होतात असे स्वच्छ सांगितले आहे. दद्रूची गणना तर त्यांनी महाकुष्ठांत केली. ते आपण परीक्षेत लिहितो आणि चिकित्सालयात विसरतो. वसतिगृहांतील मुले, एका खोलीत सहा-सहा जण राहणारे परप्रांतीय कामगार, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले, यांच्यात टॉवेल व रात्रीचे कपडे सामाईक असणे ही नित्याची बाब आहे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून दमटच चढवले जातात.

या रुग्णांना मी आता काय सांगतो ते लिहितो. रात्रीचे कपडे स्वतःचे, निदान तीन जोड. जांघेशी सैल, सुती. शक्य तेथे आतील वस्त्र रात्री नकोच. रोज धुणे, तेही घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळे, आणि कडक पाण्यात. थंड पाण्याच्या धुण्याने बुरशीचे बीज मरत नाही, ६० अंशांच्या पाण्याने मरते. वाळवताना उलटे करून उन्हात. ऊन नसेल तर शिवणींवर आतून कडक इस्त्री. घरातील दुसऱ्या कोणाला चट्टे असतील तर त्यांचीही चिकित्सा एकाच वेळी. हे सर्व सांगायला चार मिनिटे लागतात. हे सांगू लागल्यापासून उलटून येणारे रुग्ण माझ्याकडे कमी झाले आहेत. हा माझा अनुभव आहे, संशोधन नव्हे. कोणी पदव्युत्तर विद्यार्थ्याने ते करावे अशी इच्छा आहे.

ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावयास बसलो, ती अजून सांगावयाची आहे. आपण रात्री अभ्यंग सांगतो. वातव्याधीत, निद्रानाशात, सूतिकेला, वृद्धांना. आणि सांगताना पुढे हमखास जोडतो, "कपडे खराब होतील, म्हणून एखादा जुना गाऊन घाला." मीही वर्षानुवर्षे हेच सांगितले. तो जुना गाऊन म्हणजे काय होते याचा विचार करावा. सुती कापड, त्यात रोज मुरणारे तिळाचे तेल, आणि 'तेलाचाच तर आहे' म्हणून आठवड्यातून एकदा, तेही वरवर धुतलेले. आपल्या प्रत्येकाच्या देवघरात हीच वस्तू लहान आकारात असते. तिला आपण वात म्हणतो. आणि सकाळी सहा वाजता ती बाई तोच गाऊन अंगावर ठेवून चहासाठी गॅस पेटवते, किंवा देवापुढे निरांजन लावते.

माझ्या एका रुग्णेच्या गाऊनच्या सैल बाहीने असाच पेट घेतला. पती जवळ होता, त्याने चादर टाकून विझवले, म्हणून दंड व कुशीवरच निभावले. तिला तो गाऊन घालायला मी सांगितले होते.

हा धोका केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनच्या औषधनियामक यंत्रणेने २०१८ मध्ये त्वचेला लावावयाच्या स्निग्ध मलमांविषयी इशारा दिला की असे मलम कपड्यांत व अंथरुणात मुरले की ते कापड सहज पेटते आणि फार वेगाने जळते. खनिज तेल मुळीच नसलेल्या मलमांनाही तो इशारा लागू आहे, आणि धुण्याने धोका कमी झाला तरी पूर्णपणे जात नाही. पॉलिस्टरचा गाऊन घातला तर प्रश्न सुटतो असेही नाही. तो वितळून त्वचेला चिकटतो व दाह खोल जातो. अमेरिकेत लहान मुलांची रात्रवस्त्रे एकतर अग्निरोधक किंवा अंगाला घट्ट बसणारी असावीत असा नियम आहे, तो याच भयाने. सैल कापड व त्वचा यांमधील हवा ज्वाळेला पोसते. (तिकडून मागवलेल्या बालवस्त्रावर 'घट्ट बसावे' असे छापलेले वाचून कोणी ते झोपेच्या आरोग्यासाठी आहे असे समजू नये.) आपल्या हवेत मी घट्ट कपड्यांची शिफारस करणार नाही. उपाय सोपा आहे. निजण्याचे वस्त्र स्वयंपाकघरात जाऊच नये. भीष्मांनी सांगितलेला भेद येथे अक्षरशः प्राण वाचवणारा ठरतो.

म्हणून आता माझी पद्धत अशी. रात्रीचा अभ्यंग झाला की अर्ध्या तासाने कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसणे, मग स्वच्छ वस्त्र. तेलासाठी जुने वस्त्र वापरायचेच तर उठल्याबरोबर, ओट्याकडे वा देवघराकडे जाण्यापूर्वी ते बदलणे. कडक पाणी व सोडा घालून प्रत्येक वेळी धुणे, आणि दोन-तीन महिन्यांनी टाकून देणे. घरात विडी-सिगारेट ओढणारा रुग्ण असेल तर रात्रीचा अभ्यंग बंद, दिवसा, स्नानापूर्वी. ज्यांची पंचकर्म केंद्रे आहेत त्यांनी आणखी एक पाहावे. तेलकट टॉवेल व चादरी यंत्रात गरम वाळवून तशाच ढिगाऱ्यात दाबून ठेवल्या तर आतल्या आत उष्णता साचून त्या आपोआप पेटू शकतात. पसरून, थंड करून मगच घडी घालावी.

शेवटी एका मोहाविषयी. केरळात बालरामपुरम येथील विणकरांनी वनौषधींनी रंगवलेल्या वस्त्रांचा 'आयुर्वस्त्र' म्हणून प्रसार केला. हातमागाला त्याने काम मिळाले, ही आनंदाची बाब आहे. परंतु हळद, निंब वा चंदन यांत रंगवलेल्या रात्रवस्त्राने मधुमेह, संधिवात वा त्वचारोग बरा होतो असे सांगून ते आपल्या औषधालयाच्या काउंटरवरून विकणे, हे मला मान्य नाही. सुखकर वस्त्र म्हणून खुशाल विका. रोग बरे करण्याचे दावे कापडावर शिवू नका. आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा बाजूला ठेवला तरी, उद्या रंग गेल्यावर ग्राहक औषधाचा परिणाम गेला असे म्हणेल, त्याला काय उत्तर देणार?

संघटनेकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. संघटनेचे छापील रुग्णपत्रक पुढील खेपेस मुद्रणालयात जाईल, तेव्हा 'निद्रा' या रकान्याखाली 'रात्रीचे वस्त्र व कमरबंद' अशी एक ओळ घालावी. आणि आपल्या सभासद औषधनिर्मात्यांनी अभ्यंगतेलाच्या बाटलीवर, 'बाह्योपयोगासाठी' या शब्दांच्या शेजारी, एवढेच छापावे : तेल मुरलेले वस्त्र विस्तवाजवळ नेऊ नये. लेबलावर त्यासाठी जागा आहे. मी माझ्या दवाखान्यातील सात निरनिराळ्या तेलांच्या बाटल्या समोर ठेवून पाहिली आहे.